रिव्हेटभोवतीचे तांबूस कडे

माझ्या मधल्या सांध्यावर एक रिव्हेट होता, म्हणजे दोन दांडे जोडणारी, ठेचून बसवलेली लोखंडी खीळ. त्याच्या डोक्याभोवती नखाएवढ्या रुंदीचे तांबूस कडे उमटले होते. पावसाच्या पाण्याने आलेला गंज ओघळासारखा खाली उतरतो. हा तसा नव्हता. तो रिव्हेटभोवती गोल फिरला होता आणि बोट लावले की कोरड्या भुकटीसारखा सुटून येत होता. याचा अर्थ एवढाच की रिव्हेट आपल्या भोकात हलत होता आणि लोखंड लोखंडाला खात होते.

मित्रांनो, ज्याच्या अंगावर हे कडे उमटले तो मी, एक जुना लोखंडी पूल.

माझा जन्मच मारात झाला. मला भट्टीत वितळवले, लाटले, कापले, अंगभर भोके पाडली. मग दांड्याला दांडा जोडून माझे त्रिकोण उभे केले. त्रिकोण दाबा किंवा ओढा, तो आपला आकार सोडत नाही. माझे सारे बळ या त्रिकोणांत आहे. प्रत्येक सांध्यात लालबुंद रिव्हेट घालत. एक जण मागून टेकू देई, दुसरा घणाने त्याचे डोके ठेची. निवताना रिव्हेट आखडतो आणि दोन्ही दांड्यांना आवळून धरतो. त्या कामात एका लोहाराचा हात गेला. खांबांचे पाय नदीत रोवताना खड्ड्याची कड ढासळली आणि खाली उतरलेली माणसे वर आलीच नाहीत.

पुढे लढाई आली. माघार घेणाऱ्या सैनिकांनी माझ्या अंगाला सुरुंग बांधले. पहिला फुटला तेव्हा माझा एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला तुकडा, वरच्या माणसांसकट पाण्यात कोसळला. दुसरा सुरुंग भिजला होता, म्हणून मी उरलो. लढाई संपल्यावर नवा गाळा बसला, तेव्हा दोन्ही काठांची माणसे माझ्या मध्यावर भेटली आणि कठड्याला धरून रडली. एवढे कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही.

मग पलीकडचा डोंगर फोडायला सुरुवात झाली आणि दगडांच्या ट्रकांची रांग लागली. रंगारी दरवर्षी येत, पण गंज खरवडायचा सोडून त्याच्यावरच रंग फासून जात. लांबून मी अगदी तुकतुकीत दिसे.

फसल्या नाहीत त्या एकट्या हातोडीबाई. माझी तपासणी करणाऱ्या इंजिनिअर बाईंना ट्रकवाल्यांनी दिलेले हे नाव. रिव्हेटच्या एका बाजूला बोट टेकवून त्या दुसऱ्या बाजूने टोला देतात. घट्ट रिव्हेट खणखणतो, सैल रिव्हेट बोटाखाली थरथरतो. मधल्या सांध्यावर तो थरथरला. त्यांनी लगेच माझ्या तोंडाशी लोखंडी कमान उभारली, बस जाईल पण दगडांचा उंच, जड ट्रक अडेल एवढ्याच उंचीची.

त्यावर तोड काढली त्यांच्याच धाकट्या भावाने. तो कमानीपाशी ट्रकच्या चाकांची हवा सोडी. ट्रक चार बोटे खाली बसे आणि कमानीला खरवडत आत शिरे. पूल ओलांडला की पुन्हा हवा भरायला पंप होताच. बघता बघता सगळे तसेच करू लागले.

"काय ताई, झाल्या का म्हाताऱ्याला गुदगुल्या करून?" तो खिडकीतून विचारी.

"थट्टा पुरे. चाकं बघ, नुसती बसकण मारलीय. कमान कशाला लावली मी?"

"आम्ही वाकून जावं म्हणून. जातोय की!"

"सांधा सैल झालाय रे. पूल बंद करावा लागेल."

मग त्याचे हसू मावळे. "कर बंद. खाण पलीकडे, घर अलीकडे. ट्रक विकतो आणि पोरांना आणून बसवतो तुझ्या दारात."

हातोडीबाईंच्या डोळ्यांपुढे भाचरे उभी राहत. "बरं, पाहू," त्या म्हणत. पूल बंद करायचा अधिकार त्यांच्याच हातात होता. पण दर तपासणीला माझ्या वाट्याला तेवढाच शब्द आला, पाहू.

मित्रांनो, लोखंड 'पाहू' म्हणत नाही. एका तापलेल्या दुपारी भावाचा ट्रक शिगोशीग दगड घेऊन मऊ चाकांवर डुलत आला. मधल्या सांध्यापाशी पुढचे टायर निसटले आणि ट्रक माझ्या तिरप्या दांड्यांच्या जोडीवर आदळला. तो रिव्हेट बंदुकीच्या गोळीसारखा उडाला आणि समोरून येणाऱ्या बसची काच फोडून गेला. पाठोपाठ एक दांडा फाटला. दगड कोसळले, एका सायकलवाल्याचा पाय त्यांच्याखाली चिरडला. ट्रकचे दार आत चेपले आणि भावाचा हात त्यात अडकला. त्याची किंकाळी माझ्या साऱ्या सांध्यांतून फिरली. मी वीतभर खचलो. जोडीतला उरलेला दांडा एकट्याने सगळा भार ओढून धरत होता, ताणलेल्या तारेसारखा गुणगुणत.

काठाजवळचे रिव्हेट तपासत असलेल्या हातोडीबाई धावत आल्या. बसच्या ड्रायव्हरने पहारीने दार फोडले, त्यांनी भावाला ओढून काढले. बसमधल्या माणसांना त्यांनी पायी काठावर पोचवले, सायकलवाल्याला उचलून नेले. तोवर मागे ट्रकांची रांग लागली होती.

"बाई, तो ट्रक द्या ढकलून नदीत, आमचा खोळंबा होतोय!"

"दांडा तुटलाय, दिसत नाही?"

"एकच तुटलाय ना? जोडी मग कशाला दिलीय?" कोणीतरी हसले. एकाने त्यांची हातोडी हिसकावून पाण्यात फेकली. एक दगड भिरभिरत आला आणि त्यांची भुवई फुटली. दोघे ड्रायव्हर पहारी घेऊन पुढे सरकले.

मित्रांनो, मला दरवर्षी नवा रंग नको. आधी गंज खरवडा. आणि बोटाखाली थरथर जाणवली, तर ती त्याच दिवशी बोलून दाखवा. तुमच्या भोवतीच्या, माझ्यासारख्या साऱ्या जुन्यांची एवढीच मागणी असते.

भाऊ चेचलेला हात छातीशी धरून माझ्या काठावरच्या पहिल्या खांबाला टेकला होता. "ताई, मार खाशील," तो कण्हत म्हणाला. "पाहू म्हण ना. म्हण आणि सोड त्यांना."

हातोडीबाईंनी डोळ्यावर आलेले रक्त पुसले. तोच ओला तळवा त्यांनी माझ्या खांबावर टेकवला. एकट्या दांड्याची गुणगुण त्यांच्या हातात उतरली असावी. क्षणभर त्यांनी भावाकडे पाहिले, मग त्या गर्दीकडे वळल्या.

"पूल बंद," त्या शेवटच्या ट्रकपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आत्तापासून. सगळ्यांना. माझ्या भावालासुद्धा."