टाकीतला थांबलेला ठोका

मी एक जुना ऑसिलेटर आहे, मेम्स, म्हणजे अतिसूक्ष्म यंत्रांच्या जातीचा. आकाराने तिळाएवढा. माझ्या पोटातल्या बंद पोकळीत सिलिकॉनची एक बारीक पट्टी सेकंदाला लाखो वेळा थरथरते आणि त्या थरथरीवर सगळे सर्किट वेळ मोजते. मित्रांनो, एवढ्याशा जिवाने एक घर कसे बुडवले, ते सांगतो.

बंद टाकीत उतरणाऱ्या वेल्डरांसाठी एक उपकरण तयार होत होते. माणूस मिनिटभर निपचित पडला, की उपकरणाने बाहेर भोंगा वाजवायचा. त्यात वेळ मोजायला कुणाला घ्यावे, हे अभियंता बाई ठरवत होत्या. एक उमेदवार होता क्वार्ट्झचा स्फटिक. पण तो जोरात आपटला, की तडकण्याची भीती. मी आपटूनही शाबूत, आणि माझी भूक इतकी कमी, की नाण्याएवढी बॅटरी दोन वर्षे पुरावी. बाईंनी मला तापवले, गोठवले, हादरवले. मी एकदाही चुकलो नाही.

"यालाच घ्या. खायला नको, प्यायला नको, काम मात्र चोख!" बाई म्हणाल्या.

"जावईच करून घ्या मग," शेजारचा तंत्रज्ञ म्हणाला.

पुढे मी एका वेल्डरच्या खिशात राहिलो. पूर्वी त्याचा मेहुणा टाकीबाहेर बसून सारखी हाक देई, "दाजी, आहात ना?" आतून उत्तर येई, "नाही, गेलो!" मी आल्यावर मालकाने मेहुण्याला दुसऱ्या कामावर धाडले. एका माणसाची जागा घेतली, याचा मला अभिमान वाटला होता.

एके दिवशी टाकीत, वेल्डिंगसाठी आणलेल्या हेलियमची नळी सैल झाली. फुग्यात भरतात तोच हा वायू. विषारी नाही, वासही नाही. पण प्राणवायूला हुसकावून लावतो. हलका असल्याने तो वरच्या बाजूला साठत गेला, आणि वेल्डर नेमका शिडीवर उभा राहून वरचा सांधा जोडत होता. हेलियमचे कण इतके सूक्ष्म, की ते माझ्या कवचातूनही झिरपले. पट्टी मंदावली, थांबली. वेल्डर तेव्हा शुद्धीवर होता. तो त्यानंतर वीस मिनिटांनी कोसळला. भोंगा वाजलाच नाही. संध्याकाळी त्याला बाहेर काढले, तेव्हा सारे संपले होते.

चौकशी आठवड्याने झाली. तोवर हेलियम माझ्यातून निघून गेला होता आणि मी पुन्हा अचूक चालत होतो. उपकरणातली नोंद मात्र त्या दिवशी मध्येच तुटलेली.

"यंत्र ठणठणीत आहे. वेल्डरनेच बंद केलं असणार," मालक म्हणाला.

"घरातून निघताना गॅसचं बटण दोनदा बघायचे ते," वेल्डरची बायको म्हणाली. "ते हे बंद करतील होय?"

बाईंनी दोघांपैकी कुणाचेच खरे मानले नाही. टाकीतली सैल नळी पाहून त्यांनी मला एका पिशवीत घातले आणि तिच्यात हेलियम सोडला. अर्ध्या तासाने मी पुन्हा थांबलो. पडद्यावरची रेषा सपाट झाली. मग चौकशीच्या कागदावर त्यांनी लिहिले : 'वेल्डरने उपकरण बंद केलेले नाही. ऑसिलेटरची निवड माझी. तो कोणत्या हवेत चालेल, हे मी तपासले नाही.'

बायकोने कागद दोनदा वाचला. "म्हणजे चूक त्यांची नव्हती."

"नव्हती."

"एवढंच हवं होतं," ती म्हणाली, आणि बाईंकडे न पाहता निघून गेली.

मी आता एका डबीत पडून आहे. मला कुणी वापरत नाही, आणि ते योग्यच आहे. मित्रांनो, आमच्यावर जीव सोपवण्याआधी आम्ही किती कमी खातो, हे जरूर पाहा; पण आम्ही कशाने थांबतो, तेही शोधून काढा. थांबल्यावर तसे सांगण्याची सोय आमच्यात नसते.