ग्राफिक्स कार्डाचा कौल

आधीच सांगते, माझं डोकं लवकर तापतं. आणि त्या शनिवारी तर ते तापलंच पाहिजे होतं.

मुंबईच्या एका ॲनिमेशन स्टुडिओने मला परीक्षा म्हणून काम दिलेलं: दहा सेकंद नाचणारा खेकडा. सोमवारी सकाळपर्यंत पाठवला आणि पसंत पडला, तर इथे आमच्या कापडे गावात घरी बसून नोकरी. नाहीतर मंगळवारच्या एसटीने भांडुपला सुनीलकाकाच्या खोलीत, आणि काकाने बघून ठेवलेल्या कुरिअरच्या ऑफिसात बिलं टाईप करत बसायचं. नेमकं शुक्रवारी माझ्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड मेलं. कार्डाशिवाय खेकड्याचं एक चित्र तयार व्हायला चाळीस मिनिटं, आणि चित्रं दोनशे चाळीस. म्हणजे आठवडा गेला!

महाडला तौकीरच्या दुकानात दोन जातीची कार्डं होती, लाल डब्यातली आणि हिरव्या डब्यातली. माझं मशीन लिनक्स नावाच्या फुकटच्या सिस्टीमवर चालतं. लालचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, लिनक्सच्या पोटातच असतो, लावलं की चालू. हिरवं कामाला जोरकस, पण त्याचा ड्रायव्हर वेगळा आणून बसवायचा, आणि तो रुसून बसला तर माझा रविवार गेलाच. तौकीरचा नियम एकच, डबा फोडला की माल तुमचा, परत घेणार नाही. मी लाल ठरवलं, तेही तीन पंख्यांचं, सगळ्यात दणकट. काकाने फोनवरून ‘हिरवंच घे’ म्हणून डोकं खाल्लं. आई म्हणाली, "हिरवं बरं गो, चुड्यासारखं." चुड्यासारखं! कपाळ माझं.

शेवटी बाबा म्हणाला, "कौल लावू."

माझा बाबा, चांगू, वाडीच्या देवळाचा गुरव. देवीला दोन ओली फुलं चिकटवायची, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही, आणि एकदा पडलं की बाबा त्यापुढे ब्रह्मदेवाचंही ऐकत नाही.

"बाबा, देवीला लिनक्समधलं काय कळतंय?"

"तुझ्यापेक्षा जास्त. तू कालची हायेस."

तौकीर लाल डबा घेऊन स्वतःच पोलादपूरमार्गे आला. गिऱ्हाईकाचा निकाल देवळात लागतोय म्हटल्यावर त्याला दुकानात चैन पडेना. अर्धी वाडी जमली. बाबाने फुलं लावली आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, पोरीच्या मशीनीला ह्यो लाल डबा घेऊ म्हणतो. लिनक्सला चालंल का, ते सांग."

"व्हय म्हाराजा!" मंडळी ओरडली.

पाव तास झाला, अर्धा झाला, दोन्ही फुलं जागच्या जागी. बाबा कधी फुलांकडे, कधी माझ्याकडे बघत होता आणि नुसता घाम पुसत होता.

"तू नीट सांगितलं नायस तिला," मी चिडून म्हटलं. "पावर सप्लाय साडेसहाशे वॅटचा आहे म्हणून सांग. कर्नल, लिनक्सचा गाभा तो, नवीन आहे म्हणून सांग."

"आई, पावर साडेसहाशेचा हाय, कर्नलसायब पण नवीन हायत!"

"व्हय म्हाराजा!"

फूल हललं नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला भांडुपची ती खोली दिसायला लागली.

"लग्नाचा कौल लावताना नवऱ्यामुलाला उभा करता ना?" आई म्हणाली. "मग मशीनीला पण आणा की हितं." आणि कोणाची वाट न बघता तीच गेली, डोक्यावर चुंबळ ठेवून माझा अख्खा कॉम्प्युटर हंड्यासारखा घेऊन आली. मी मागे "आये, सांभाळ गो! आये!" करत धावतेय.

देवीसमोर मी मशीनचं झाकण काढलं. तौकीरने डब्यावर छापलेली कार्डाची लांबी सहज आत बोटांनी मापून बघितली आणि मान वर केली.

"श्रुतिका, तू आतली लांबी मोजली होतीस?"

मी कर्नल बघितला होता, ड्रायव्हर बघितला होता, वॅट बघितले होते. लांबी? अगं बाई! कार्ड चांगलं चार बोटं जास्त होतं. ते बसवायचं तर मशीनची भिंतच फोडावी लागली असती. डबा फोडला असता तर मेलेच होते मी.

"ह्यातच आखूड पण आहे, दोन पंख्यांचं," तौकीर म्हणाला. "गाडीत आहे, आणू?"

त्याने आणलं. बाबाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, "आई, ह्यो आखूड घेऊ?" ‘व्हय’ म्हणायच्या आत उजवं फूल टपकन खाली! बायकांनी टाळ्या वाजवल्या. तौकीरने तर डब्यावरची धूळ शर्टाने पुसून दिली.

आखूड कार्ड बसलं, लिनक्सने ते पहिल्या फटक्यात ओळखलं, रविवारभर खेकडा मशीनमध्ये शिजला. सोमवारी पाठवला आणि संध्याकाळी फोन आला: पसंत. बाबा त्या रात्री दोनदा जेवला.

मंगळवारी सकाळी मी देऊळ झाडायला गेले. देवीच्या डाव्या बाजूचं फूल सुकून काळं पडलं तरी तिथेच. नखाने उचकटलं, तर मागे मूर्तीला भाताचं शीत. चांगलं चेपून बसवलेलं.

"बाबा!" मी अशी ओरडले की झाडावरचे कावळे उडाले. "देवीला फसवलंस?"

"उजवं पाण्यानंच लावलं होतं, शप्पत," तो खांबाला टेकून पुटपुटला. "डावंच तेवढं शितानं. ती नाय म्हणाली असती तर? मला तिचं ऐकावं लागलं असतं गो, आणि तुझं काम राहिलं असतं."

"म्हणून ती अर्धा तास तशीच बसली! कार्ड मावत नाही म्हणून हो म्हणवेना, आणि नाही म्हणायला गेली तर तू चिकटवून ठेवलेली!"

"बिचारी," बाबा म्हणाला.

मी आणखी बोलणार होते, बरंच बोलणार होते. तेवढ्यात खाली फाट्यावर मुंबईच्या एसटीचा हॉर्न वाजला. बाबा तिकडे मान वळवून उभा राहिला. आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत त्याने श्वाससुद्धा घेतला नसावा.

"गेली?" त्याने विचारलं.

"गेली."

"मग काढ आता ते शीत," तो म्हणाला.