डाव्या पोटरीची कैफियत

मी एक जुनी पोटरी आहे, मित्रांनो, डावी. हसून घ्या. माझं नाव ऐकून आजवर कोणी गंभीर झालेलं नाही. हृदय म्हटलं की लोक छातीवर हात ठेवतात, त्याच्यावर गाणी रचतात. माझ्यावर गाणं सोडाच, मला गोळा आला तर मालक मलाच शिव्या घालतो.

हृदयाशी माझं वैर नाही. तेही माझ्यासारखा स्नायूच. आखडायचं आणि सैल व्हायचं, एवढंच आम्हां स्नायूंना येतं. ते दिवसाला लाखभर वेळा आखडतं आणि दोन ठोक्यांच्या मध्ये मिळेल तेवढाच विसावा घेतं. पण त्याने पावलापर्यंत धाडलेलं रक्त पुन्हा वर चढवायचं कोणी? मालक पाऊल टाकतो तेव्हा मी आखडते, आतल्या शिरा दाबते, आणि रक्त वर सरकतं. मी सैल झाले की ते खाली घसरू नये म्हणून शिरांत बारीक झडपा आहेत. इतकं काम करूनही कौतुक मात्र छातीतल्याचं!

मालक केस कापतो. तीस वर्षं तो खुर्चीभोवती पायांवर फिरला. उंच गिऱ्हाइकाच्या डोक्यापर्यंत पोचायला टाचा उचलायचा, खाली पडलेला कंगवा घ्यायला बसायचा, उठायचा. मी आणि माझी उजवी बहीण दिवसभर राबलो. दुखायचो, पण ठणठणीत होतो.

मग गुडघे कुरकुरले. त्यांचं बरं लगेच ऐकलं गेलं! मुलीने चाकांचं उंच स्टूल आणून दिलं. मालक काय खूश! बसल्या बसल्या उजव्या पायाने जमिनीला रेटा द्यायचा आणि गिऱ्हाइकाभोवती गरकन फिरायचं. मला मात्र स्टुलाच्या पाय टेकवायच्या कडीवर जे ठेवलं, ते ठेवलंच. सकाळी दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत मी नुसती लटकून.

रक्त तुंबू लागलं. संध्याकाळी मोज्याचा खोल वळ उमटायचा.

"अहो, डावा पाय सुजलाय तुमचा. दाखवून या कुणाला तरी," बायको म्हणाली.

"दिवसभर काम असतं. सुजणारच."

कसलं काम आणि कोणाला? काम नव्हतं, हेच तर माझं दुखणं होतं!

शेवटी आत रक्ताची गुठळी झाली. मी तापले, ठणकले, लाल झाले. ओरडायला मला दुखण्याखेरीज दुसरं तोंड नाही. आणि मालकाने उपाय काय काढावा? मालिश! त्याच्या हातची डोक्याची मालिश घ्यायला लोक लांबून येतात, त्यामुळे आपल्या बोटांपुढे दुखणं टिकत नाही अशी त्याची पक्की समजूत. दुपारी दुकान रिकामं झाल्यावर त्याने विजार वर केली आणि तळहातावर तेल ओतलं. चोळताना गुठळी सुटली असती, तर हृदयातून थेट फुफ्फुसात जाऊन अडकली असती. मालक स्वतःच्याच हातांनी संपला असता.

तेवढ्यात नेहमीचे आजोबा दाढीला आले. सोबत त्यांची सून होती, ती नर्स. तिला आरशात दिसलं, की एक पोटरी सडपातळ आहे आणि दुसरी फुगलेली.

"हात लावू नका!" ती केवढ्यांदा ओरडली. "कधीपासून आहे हे?"

"चार दिवस झाले, ताई. जरा चोळलं की मोकळं होईल."

"मोकळं होईल आणि छातीत जाऊन बसेल! तेल पुसा. गाडी बाहेरच आहे, चला."

"पण यांची दाढी?"

"माझी दाढी कुठे पळून जात नाही," आजोबा म्हणाले. "तू आधी जा, बाबा."

इस्पितळात गुठळी सापडली, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या. बायको धावत आली आणि तिने डॉक्टरांना पहिला प्रश्न काय विचारला? "यांचं हृदय ठीक आहे ना?" मी कपाळावर हात मारला असता, पण मला ना कपाळ ना हात.

आता ते स्टूल कोपऱ्यात आहे, त्यावर टॉवेल ठेवतात. मालक प्रत्येक गिऱ्हाइकानंतर दहा वेळा टाचा उचलतो. बाकावरचे लोक त्याला आरशात वरखाली होताना बघून हसतात. हसू देत. माझ्या काही झडपा मात्र कायमच्या बिघडल्या. संध्याकाळी मी अजून जड होते, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

मित्रांनो, मला गाणं नको. तुम्ही बराच वेळ बसून वाचता आहात, आणि तुमच्या पोटऱ्या खुर्चीखाली गुमान लटकताहेत. पुस्तक हातात राहू द्या, पण आधी उठा.