काचेचं कौल

सगुणाबाईंनी वाटी निनादच्या नाकासमोर धरली.

"घे. चाखून बघ."

निनाद नुकताच ऑफिसातून आला होता. गळ्यातलं आयकार्डसुद्धा अजून काढलं नव्हतं. त्याने वाटीत डोकावून बघितलं. तळाशी दोन चमचे पाणी.

"हे कसलं?"

"तुझ्या काचेच्या कौलातलं. सकाळी ठिबकत होतं. वाटी धरून उभी राहिले, हात अवघडला माझा."

निनादने मान वर केली. जिन्यावर, छतात बसवलेली चौकोनी काच संध्याकाळच्या उजेडात कोरडी ठाक दिसत होती. घरातले सगळे तिला स्कायलाइट म्हणायचे. सगुणाबाई एकट्या काचेचं कौल म्हणायच्या, कारण वेंगुर्ल्याला त्यांच्या चुलीवर तसंच एक होतं. फरक एवढाच, की ते गळायचं तेव्हा बाहेर पाऊस असायचा. इथे आखातात, अजमानला मार्चनंतर आभाळातून थेंब पडला नव्हता, आणि आता सप्टेंबर अर्धा संपला होता.

"आई, नळाचं पाणीपण असंच दिसतं गं."

सगुणाबाईंनी वाटीकडे बघितलं. खरंच तसंच दिसत होतं. आता पाण्याला काय पाण्याशिवाय दुसरं काही दिसता येतं?

"आणि शनिवार-रविवारी बरं नाही गळत?" निनाद म्हणाला. "आम्ही घरात असलो की कोरडं, आम्ही बाहेर पडलो की चालू. तू एकटी असतानाच कसं गं?"

"ते त्यालाच विचार."

निनादच्या मागून संपदा बूट काढत आत आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. चपलांचा स्टँड आवरता आवरता तिने एक चप्पल उचलून उलटसुलट केली.

"आई, तुमची ही डावी चप्पल अशी दुमडली कशी? गेल्याच महिन्यात तर आणली."

"माझा डावा पाय जड आहे," सगुणाबाई लगेच म्हणाल्या.

आता यात निनादचा दोष किती आणि आईचा किती, हे सांगणं कठीण. ज्या बाईने पोराला लहानपणी सांगितलं, की वेंगुर्ल्याच्या बंदरात एवढा थोर बांगडा लागला की त्याच्या पाठीवर दोन गावांची मॅच झाली, तिने दोन चमचे पाणी दाखवलं तर कोण विश्वास ठेवणार? मुलाच्या लग्नात तिने व्याह्यांना सांगितलं होतं, की वादळात आमच्या झाडाचा फणस उडाला तो थेट शिरोड्याच्या लग्नमांडवात पडला आणि पंगतीत वाढूनही झाला. संपदाचे वडील बिचारे सरळ माणूस. अजून फोनवर विचारतात, फणस कापा होता की बरका.

इतकी वर्षं सगळे हसत होते. हल्ली हसत नव्हते. हल्ली निनाद बाल्कनीत जाऊन कुडाळच्या बहिणीला, संजनाला, हळू आवाजात फोन करायचा. पण हळू बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"गुरुवारी डॉक्टरकडे नेतोय. मेमरी टेस्ट... नाही गं, एकटी कशी ठेवणार? अस्मी स्कूल बसने येते तेव्हा घरात हीच असते. टेस्ट बरोबर नाही आली तर ऑक्टोबरमध्ये तुझ्याकडे सोडतो."

सगुणाबाई आत भाजी निवडत होत्या. त्यांनी एक जुडी दोनदा निवडली.

संजना चांगली पोर. पण तिच्या घरात सकाळी टीव्ही लागायचा तो रात्री बंद व्हायचा, आणि तिथे कुणाला काही सांगायला जावं तर आधी जाहिरात लागायची वाट बघावी लागायची. आणि तिथे हव्वाबी नव्हती.

हव्वाबीचं घरात कुणाला माहीत नव्हतं. शेजारच्या व्हिलात सुनेची पोरं सांभाळायला आलेली श्रीवर्धनची म्हातारी. दोन्ही गच्च्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. सकाळी अकराच्या सुमारास, घरं रिकामी झाली की दोघी आपापल्या बाजूने पाण्याच्या टाक्यांच्या सावलीत येऊन बसायच्या. हव्वाबीचं एक बरं होतं. ती तुमच्या गोष्टीवर विश्वास ठेवायची की नाही हा प्रश्नच यायचा नाही, कारण तुमची संपायच्या आत ती त्याहून मोठी सुरू करायची. सगुणाबाईंनी बांगडा काढला तर तिने सुरमई काढली होती, आणि सुरमईवर मशीद बांधायची राहिली होती फक्त.

पण गच्चीवर जायची बंदी होती. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात सगुणाबाईंना वर चक्कर आली होती. निनादने हात जोडून सांगितलं होतं, "आई, वरचं दार उघडायचंच नाही. खलास." ते दार आपोआप मिटणारं, आणि मिटलं की बाहेरून उघडत नसे. म्हणून सगुणाबाई फटीत डावी चप्पल अडकवून जायच्या, आणि तासाभराने एक पाय भाजत परत यायच्या. परत आल्या की जिन्यात थेंब.

आठवडाभर थेंब. आणि सांगायची सोय नाही, की बाबा, माझ्या बाजूने साक्षीदार आहे, पण तो गच्चीवर बसतो.

शनिवारी निनादने गच्चीवर जाऊन दार मिटलं आणि टाकीच्या नळाला पाइप लावून काचेवर पाणी सोडलं. संपदा खाली टॉवेल धरून उभी. अस्मी मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. आत काही आलं नाही.

"आजी, इट्स टोटली ड्राय," अस्मी म्हणाली.

"ठीक आहे," निनाद खाली येऊन म्हणाला. त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. "तरी काच बदलून टाकू. जुनी झालीच आहे. म्हणजे मग काही शंकाच राहणार नाही."

शंका कुणाबद्दल, हे तो बोलला नाही. सगुणाबाईंना बरोबर कळलं. आता नव्या काचेतून गळलं, तर गळती काचेला नव्हे, म्हातारीच्या डोक्याला लागली असं ठरणार.

सोमवारी युसुफ नावाचा कारागीर दोन माणसं घेऊन आला. सबंध सकाळ खडखडाट चालला. निनादने अर्धा दिवस रजा घेतली होती. जुनी काच चौकटीसकट निघाली तेव्हा जिन्यात खऱ्या आभाळाचा चौकोन उघडा पडला आणि गरम हवेचा लोट अंगावर आला. युसुफने चौकट उलटीपालटी करून पाहिली आणि डोकं खाजवलं.

"अजीब है, साहब. ऊपर से एकदम सूखा. नीचे की पट्टी पे पानी का दाग है. पानी आया तो आया किधर से?"

"देखो!" सगुणाबाई टाळी वाजवून म्हणाल्या. हिंदी त्यांना एवढंच येत होतं.

"दाग पुराना भी हो सकता है, माताजी," युसुफ म्हणाला. तो बिचाराही गोंधळला होता, पण नवी काच त्याने मन लावून बसवली आणि कडेने पांढरं सिलिकॉन असं फिरवलं की केकवर क्रीम.

तो गेल्यावर निनादने सहज विचारल्यासारखं विचारलं,

"आई, वरचं दार उघडत नाहीस ना तू?"

"मी? मी कशाला उघडू?"

"बरं."

संपलं. एवढंच. सगुणाबाई बघतच राहिल्या. आयुष्यभर एवढ्या रंगवून रंगवून थापा मारल्या, पोराने एक मानली नाही. आणि ही बिनमिठाची, चार शब्दांची, तर गपकन गिळली.

मंगळवारी घर रिकामं झालं. सगुणाबाई वर गेल्या. हव्वाबीने त्या दिवशी मामाच्या होडीची गोष्ट सांगितली, जी वादळात उलटी होऊनही रत्नागिरीला वेळेवर पोचली होती. सगुणाबाई हसत हसत चप्पल सोडवून जिना उतरू लागल्या, आणि टप्.

कपाळावर, कुंकवाच्या जरा वर.

त्या तशाच उभ्या राहिल्या. मग हळूच हात लावून बघितला. ओला. पदराने पुसला, पुन्हा लावला. कोरडा. वर बघायचा धीर होईना.

नवी काच. कालची. युसुफने केकसारखी बसवलेली.

त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि स्वतःची परीक्षा घ्यायला लागल्या. डॉक्टरने घ्यायच्या आधी आपण घेतलेली बरी. दीराच्या मुलांची नावं आठवून बघितली. आली. आज वार कुठला? मंगळवार. मग बांगड्याची गोष्ट मनात घोळवली. ती थाप. फणस? फणस अर्धा खरा; उडाला होता, पण शेजारच्या परड्यात. म्हणजे खरं कुठलं नि खोटं कुठलं, ते अजून वेगळं काढता येत होतं. आणि थेंब?

थेंबाचं सांगता येईना.

जन्मभर सांगितलेल्या गोष्टींपैकी एखादी तोंडातून निसटून घरातच राहिली असेल, आणि आपण नसताना हिंडत असेल, असं त्यांना वाटून गेलं. मग असं वाटलं याचीच भीती वाटली. संध्याकाळी त्या लवकर झोपायला गेल्या. निनादने काही विचारायच्या आधीच.

बुधवारी जाऊच नये असं ठरवलं होतं. पण गुरुवारनंतर काय होणार कुणास ठाऊक. हव्वाबीचा निरोप तरी घ्यावा. म्हणून त्यांनी फ्रीजमधलं कोकम सरबत स्टीलच्या दोन पेल्यांत ओतलं आणि वर नेलं.

"काय गो, लग्न काढलंस की काय कुणाचं?" हव्वाबीने पेला घेतला. एक घोट घेतला. मग हातातला पेला वर करून त्याचा तळ बघितला. "सगुणे, फुटका पेला दिलास मला?"

"फुटका कसा असेल?"

"मग हा गळतो कुठून? माझा सगळा झगा भिजला."

सगुणाबाईंनी स्वतःचा पेला बघितला. त्यालाही बाहेरून घाम फुटला होता. थेंब जमत होते, एकमेकांना धरत होते, घरंगळून त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत जात होते. आत कोकमाचा लाल रंग. बाहेरचं पाणी मात्र स्वच्छ, नळासारखं.

"हव्वाबी," त्या म्हणाल्या, "बस तू. आलेच."

एका पायात चप्पल घालून त्या जिन्यात आल्या. दार मागे तसंच, फटीत दुसरी चप्पल. समुद्राकडची ओली, जड हवा पाठोपाठ आत शिरत होती, ओल्या गोधडीसारखी. समोरून एसीचा झोत काचेच्या चौकटीवर येत होता. चौकटीला हात पोचत नव्हता, म्हणून त्यांनी झाडूचा दांडा लावून बघितला. दांड्याचं टोक ओलं झालं. नव्या कोऱ्या अॅल्युमिनियमवर थेंब जमत होते, एकमेकांना धरत होते.

त्यांनी चप्पल काढून दार मिटलं. वाट बघितली. टपटप हळू झाली. मग थांबली.

दारापलीकडून हव्वाबीच्या हाका ऐकू येत होत्या. जिन्यात उभं राहून सगुणाबाई एकट्याच हसायला लागल्या, इतक्या की कठडा धरावा लागला. मग हसू ओसरलं. कारण आता त्यांच्याकडे पहिल्यांदाच पक्का पुरावा होता, आणि तो दाखवायचा तर दार दाखवावं लागणार होतं. दार दाखवलं की निनाद त्याला कुलूप घालणार. वेडी ठरून कुडाळला जायचं, की शहाणी ठरून बंद घरात बसायचं?

रात्री जेवताना निनादने पानाशेजारी फोन ठेवला होता. चौघंही खाली मान घालून जेवत होते.

"आई," शेवटी तो म्हणाला, "नवी काच कशी आहे? पुन्हा काही...?"

सगुणाबाईंनी घास गिळला. पाणी प्यायल्या. मग पाट नसताना पाटावर बसल्यासारखी मांडी ठोकली.

"काच कशी गळेल रे? नवी कोरी काच. पण ते पाणी कुणाचं होतं ते आज मला कळलं."

निनादचा चमचा थांबला.

"समुद्राचं," सगुणाबाई म्हणाल्या. "तो रोज सकाळी तुम्ही सगळे गेलात की येतो. एकटा असतो ना बिचारा. गच्चीवर चढतो. दारात माझी चप्पल अडकलेली दिसली की त्याला कळतं, म्हातारी घरी आहे. मग हळूच आत शिरतो. पण मेल्याला एसीची सवय नाही! काचेच्या कौलापाशी येतो न येतो तोच कुडकुडायला लागतो, आणि अंगावरचं सगळं पाणी तिथेच टाकून पळून जातो. चप्पल काढली की त्याची वाट बंद."

"आजी!" अस्मी खिदळली. "दॅट्स सो क्यूट! डझ ही से हाय?"

"सलाम म्हणतो. शेवटी इथलाच तो."

निनादला ठसका लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. किती दिवसांनी तो असा हसत होता. "ही खरी आई! मला वाटलं..." काय वाटलं ते त्याने सांगितलं नाही. डाव्या हाताने फोन जवळ ओढून दोनदा अंगठा दाबला आणि फोन उलटा ठेवला. "उद्या जायचं कॅन्सल. संजनाला उगाच घाबरवलं मी. संपदा, ऐकलंस ना? समुद्राला एसी सोसत नाही!"

संपदा हसली नाही. ती ताटं गोळा करत होती. ताटं घेऊन स्वयंपाकघरात जाता जाता चपलांच्या स्टँडपाशी क्षणभर थांबली, आणि मग बेसिनमधले कोकमाने लाल झालेले दोन पेले विसळायला तिने नळ सोडला.

सकाळी सगळे गेले. संपदा सगळ्यांत शेवटी गेली. दाराशी तिने फक्त "येते, आई" म्हटलं, नेहमीसारखं. सगुणाबाई जिन्यापाशी आल्या तर वरच्या पायरीवर, काचेच्या कौलाच्या बरोबर खाली, जाड पायपुसणं घडी घालून ठेवलेलं. अस्मीने टाकलं असेल म्हणून त्या उचलायला वाकल्या, आणि उचलता उचलता थांबल्या.

मग पायपुसणं तिथेच ठेवून खाली आल्या आणि फ्रीज उघडला.

मधल्या कप्प्यात सरबताचे पेले होते, बशीने झाकलेले. दोन.