चौथ्या गोलाची रेघ

"तीन-शून्य! अर्ध्या वेळातच! आता पुढं काय बघायचं माणसानं, गवत?"

मागच्या रांगेतला कुरकुऱ्या तिच्या कानाशीच बोलत होता. संघ हरला की प्रशिक्षकाला हाकला म्हणायचा, आणि जिंकला की मजा नाही म्हणायचा. वीस वर्षं त्याची कुरकुर ऐकून तिचा कान त्या बाजूनं जरा निबरच झाला होता.

"गवत बघा की मग," ती मान न वळवता म्हणाली. "आमचं घर त्याच्यावरच चालतं."

चालायचंच. तिचे बाबा या मैदानाची राखण करत, आणि सामन्याच्या सकाळी पांढऱ्या रेघा मारत. एकेचाळीस वर्षं. रेघा एके काळी चुन्याच्या होत्या. आता ढकलगाडीच्या टाकीत कसलीशी पांढरी भुकटी कालवतात, पण त्या भुकटीला चुना आणि बाबांना चुनेवाले काका हेच नाव राहिलं. "आयुष्यभर चुना लावला," बाबा नव्या माणसाला हटकून सांगत, "पण फसवलं कुणाला नाही."

हा विनोद त्यांनी दीड वर्षात केला नव्हता. का, ते घरात कुणी विचारलं नव्हतं.

त्यांच्या तीन खुर्च्या एका कोपऱ्यात होत्या, मुद्दाम मागून घेतलेल्या. आई, बाबा आणि ती. तिथून खेळ तिरका दिसतो, पण अलीकडची गोलरेषा एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत दोरा ताणावा तशी नाकासमोर दिसते. लोक चेंडू बघायला येतात, बाबा रेघ बघायला यायचे. आणि म्हणूनच दीड वर्षापूर्वीची ती गोष्ट सगळ्या मैदानात फक्त या तीन खुर्च्यांना दिसली. आपल्या खेळाडूचा चेंडू आत गेला होता. पण रेघच मधोमध चार बोटं आत फुगली होती, त्यामुळे चेंडू काही ती पुरती ओलांडेना. गोल दिला नाही. सामना शून्य-शून्य सुटला. सगळ्या गावानं बाजूच्या पंचाच्या सात पिढ्या काढल्या. त्या रात्री आईनं बाबांच्या कपात चहा पहिल्यांदा अर्धाच ओतला.

तेव्हापासून सगळेच अर्धा ओतत. कुणी ठरवलं नव्हतं. बाबांनीही कप अर्धा का, असं कधी विचारलं नाही.

पुढच्या सामन्याच्या सकाळी ती दुकानात जायच्या आधी मैदानावर गेली. "सहज आले. दोरी धरते." ती पडदे शिवायची. दहा-दहा वार लांबीची तळपट्टी तिनं कधी वाकडी घातली नव्हती. पहिल्या दिवशी तिनं खरंच दोरी धरली. तिसऱ्या सामन्याला चुन्याच्या गाडीची मूठ तिच्या हातात होती आणि दोरी बाबांच्या. कशी आली, कधी आली, दोघांनाही सांगता आलं नसतं. सामना सुरू व्हायच्या आत ती हात धुऊन, कपडे बदलून खुर्चीवर येऊन बसे आणि लोक म्हणत, "वा, काका! काय रेघ आहे!" बाबा नुसती मान हलवत.

आज आपली पोरं अशी खेळत होती की तिला आपल्याच संघाची ओळख पटेना. पहिला गोल लोक अजून खुर्च्या शोधत होते तेव्हा झाला. दुसरा कोपऱ्यावरून, तिसरा तर समोरच्या गोलकीपरच्या पायांमधून. त्या बिचाऱ्याकडे बघवेना. आपल्या गोलकीपरला मात्र काही कामच उरलं नाही. आणि रिकाम्या माणसाचे पाय कधी स्वस्थ बसतात? तो अलीकडच्या, आपल्या गोलात येरझाऱ्या घालत होता, ओल्या मातीत बूट घासत होता. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा दोन खांबांच्या मधली रेघ त्यानं अशी काही पुसून टाकली होती, जणू कुणी तिथं पोतेरं फिरवलंय.

बाबांनी ते आधीच बघितलं होतं. "हा गाढव माझी..." एवढंच म्हणून ते थांबले.

पंचानं वाकून रेघ पाहिली. मग भोंगा वाजला. "चुनेवाले काकांनी कृपया मैदानात यावं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तीन-शून्यनं जिंकत असलं की माणसं कशालाही टाळ्या वाजवतात. बाबा उठले. आईनं पटकन त्यांच्या कोटाची बटणं लावून दिली, जशी ती हल्ली रोजच लावायची, आणि लेकीकडे बघितलं.

"मी येते दोरी धरायला," ती म्हणाली.

बाबांनी गाडी बाहेर काढली. दोन्ही मुठी धरल्या. टाकीच्या पत्र्याचं झाकण टकटक वाजायला लागलं. गाडी जागची हलली नव्हती, चाकं फिरत नव्हती, आणि झाकण वाजत होतं. पंच मनगटावरचं घड्याळ बघत होता. समोर पाच हजार माणसं. बाबा समोर बघत उभे राहिले, आणि तिला कळलं की ते आता गाडी ढकलणार, कारण नाही कसं म्हणायचं हे त्यांना माहीतच नव्हतं.

"बाबा," ती पंचाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दोरी तुम्हीच धरा बाई. मला मेला ताण देता येत नाही नीट."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग मूठ सोडली.

दोरीचं एक टोक त्यांनी खुंटीला गुंडाळलं, दुसरं धरून ओढलं. हातातली दोरी आधी पाण्यावरच्या तरंगासारखी हलली. ताण आला तशी स्थिर झाली. लेक गाडीच्या मुठीशी वाकली. चोवीस फूट. सकाळी रिकाम्या मैदानात तिनं हे डोळे मिटूनही केलं असतं. आता पाठीवर पाच हजार जोड डोळे होते, आणि तिची रेघ फुगली असती तर नाव बाबांचं गेलं असतं. मशीनवर बसल्यावर ती कधी सुईकडे बघत नसे, सुई जिथं पोचायची तिथं बघे. तिनं पलीकडच्या खांबाच्या बुडाकडे नजर लावली आणि चालायला लागली. मागं काय उमटतंय ते पोचेपर्यंत बघितलं नाही.

मग बघितलं. दोरी आणि रेघ, दोन्ही एकच दिसत होत्या.

"काका! काका!" सगळीकडून गजर झाला. दोरी धरणाऱ्याचीच रेघ, गाडी काय कुणीही ढकलेल, असंच लोक समजत होते. बाबांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि मान हलवली. तिला इतका अभिमान वाटला की छाती दुखली. आणि खोटं कशाला बोला, थोडासा रागही आला.

दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या, अलीकडचा गोल समोरच्यांकडे गेला, आणि आपला संघ निवांत खेळला. लोक शेंगा सोलत होते. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा आपल्या संघातल्या एका बुटक्यानं लांबून एक फटका हाणला, उगाच, हौसेखातर. चेंडू आडव्या दांडीच्या खालच्या कडेला लागला, खाली आदळला आणि उसळून बाहेर आला.

आत की बाहेर?

ती उभीच राहिली. तिच्या नाकासमोर होतं सगळं. चेंडू टेकला तेव्हा तो आणि पांढरी रेघ यांच्यामध्ये दोन बोटं हिरवं दिसलं होतं. बाजूच्या पंचानं क्षणभर रेघेकडे पाहिलं आणि तो मध्याकडे पळत सुटला. गोल. समोरच्या संघातल्या एकानंही हुज्जत घातली नाही. घालणार कशाच्या जोरावर?

"चौथ्याची काय गरज होती?" मागून कुरकुऱ्या.

तिला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. बाबा मात्र बसूनच होते, रेघेकडे बघत.

सामना संपला. चार-शून्य. बाहेर गाणी चालली होती. ते तिघं सामानाच्या खोलीत होते. ती चुन्याची गाडी धूत होती, बाबा पालथ्या बादलीवर बसले होते, आईनं थर्मास उघडला होता. तिघंही फक्त गोलांबद्दल बोलत होते. दुसरा चांगला की तिसरा, यावर आई चक्क वाद घालत होती, जिला दोन्ही वेळा कुणी मारला तेही कळलं नव्हतं.

क्लबचे चिटणीस दारातूनच ओरडले. "काका, कमाल! चौथा गोल तुमचा हो! तुमची रेघ नसती तर तासभर भांडणं. ठरलं, पुढच्या सामन्याला मैदानात सत्कार. शाल, फलक, सगळं. एकेचाळीस वर्षं आणि हात अजून तसाच!"

नळ वाहत होता. तिनं तो बंद केला. आईनं कपात चहा ओतला, अर्ध्यावर हात थांबवला आणि कप पुढं केला.

बाबांनी घेतला नाही.

"पूर्ण भर."

"अहो, कढत आहे..."

"कढत नाही. निवलाय केव्हाच." त्यांनी खिशातून दोन्ही हात बाहेर काढले आणि चिटणीसांच्या समोर धरले. हात हलत होते. "हे बघा. तसाच कुठला? दीड वर्ष झालं, हात थरथरतात माझे. तो शून्य-शून्यचा सामना माझ्या रेघेनं घालवला, आणि तेव्हापासून तुम्हा सगळ्यांना चुना लावतोय मी. रेघ हिची आहे. आजची आणि त्याच्या आधीच्याही. शाल हिला द्या." मग ते आईकडे वळले. "आणि तू भर तो कप. सांडला तर सांडला."