मेट्रनची लोकर

"बाबा, ही सगळी बोडकी कशी झाली?"

नरेल शेडच्या दारात उभी होती. आत सहा-सात मेंढे गुलाबी अंगाने एकमेकांच्या मागे दडायला बघत होते. कालपर्यंत त्यांच्या अंगावर वर्षाची लोकर होती.

क्लॅरीने टोपी काढली, टाळू खाजवली आणि टोपी परत घातली. "काल टोळी आली होती ना कातरायला."

"ती माळावरच्या कळपासाठी आली होती. हे आपले खेळाचे मेंढे! बसवाल्यांसमोर एकेक कातरायचा, नाताळपर्यंत पुरवायचे, असं ठरलं होतं."

"मला काय सांगतेस? मीच बाजूला काढले होते."

"मग?"

"आभाळ भरून आलेलं. भिजले तर कातरणार कसे? म्हणून छपराखाली आणून कोंडले."

"आणि टोळीला सांगितलं नाहीस."

"सांगणारच होतो. पण त्यांच्या चहाबरोबर सॉसेज रोल नकोत का? ते आणायला गावात गेलो."

नरेलने डोळे मिटले. पुढचं तिला कळलं. कातरणाऱ्यांना नगावर पैसे मिळतात. छपराखाली कोरडी मेंढी दिसली की तिला भादरायचं. कुणाची, कशासाठी ठेवलेली, असल्या चौकशा करत बसलं तर पोट भरत नाही. क्लॅरीने स्वतः सगळा जन्म हेच केलं होतं. एका मालकाची जत्रेत बक्षिसाला न्यायची मेंढी त्याने नाश्त्याआधी बोडकी करून ठेवली होती आणि वर मालकालाच दम दिला होता, की छपराखाली ठेवलीस कशाला? आता तो दम कुणाला द्यायचा, हा प्रश्न होता.

मेलबर्नहून बस निघालेली होती. ती आधी धबधब्याला जाणार, तिथे लोक एकमेकांचे फोटो काढणार, मग गावात जेवणार आणि दुपारी इथे येणार. इथून पुढे कांगारू बघायचे आणि अंधार पडायच्या आत शहरात परत. या सगळ्या सहलीत क्लॅरीचा वाटा वीस मिनिटांचा, पण सहलीच्या पत्रकावर फोटो त्याचाच होता. दोन पायांत मेंढी धरलेला, हसणारा.

त्या वीस मिनिटांवर क्लॅरी जगत होता म्हटलं तरी चालेल. पाठ गेली म्हणून त्याचं काम सुटलं, पाठोपाठ बायको गेली. आयरिस गेल्यावर तो चुलीजवळच्या खुर्चीत जो बसला तो जेवायलाही उठेना. माणूस खुर्चीतच संपणार, या धास्तीने नरेलने शहरातल्या सहलवाल्यांशी बोलून ही बस आणली. पहिल्या दिवशी क्लॅरी कुरकुरत उठला. दुसऱ्या खेपेला त्याने दाढी केली. तिसऱ्या खेपेपासून तो विनोद करू लागला आणि तेव्हापासून तेच विनोद करत होता.

"मेट्रन आहे," नरेल हळूच म्हणाली.

"नाही."

"बाबा, आख्ख्या शिवारात लोकर असलेली ती एकटीच उरली आहे."

"नाही म्हटलं ना. ती मला हात लावू देत नाही."

हे खोटं होतं आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

मेट्रन ही आयरिसने बाटलीवर वाढवलेली मेंढी. आयरिस इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती, आणि तिथल्या मेट्रन, म्हणजे मोठ्या नर्सबाई, उकडलेल्या बटाट्यांकडे ज्या नजरेने बघत, त्याच नजरेने हे कोकरू जगाकडे बघतं म्हणून तिने हे नाव ठेवलं. मेट्रन कळपात राहिली नाही. ती मागच्या दाराशी राहायची, पावाचे तुकडे खायची आणि आपल्याला मेंढी समजणाऱ्यांचा तिरस्कार करायची. दर वसंतात आयरिस तिला मागच्या पायरीवर बसवून हातकात्रीने कातरायची. नवरा कातरणाऱ्यांचा मुकादम, पण या एका मेंढीला त्याच्या यंत्राचा स्पर्श झालेला नव्हता. "तुझ्या हाताखाली ती लाजते," आयरिस म्हणायची. क्लॅरी म्हणायचा, "अर्ध्या तासात तुझे दोन पायच कातरून होतात गं. तेवढ्यात मी कळप काढतो."

मग आयरिस आजारी पडली आणि गेली, आणि त्या वसंतात मेट्रनला कुणी कातरलं नाही. लोकर आतून वाढते. जुनी असते ती टोकाला जाते. म्हणजे मेट्रनच्या अंगावर जी सगळ्यात वरची, मळकी, राखाडी लोकर होती, तिच्यात आयरिसची बोटं फिरलेली होती. क्लॅरीला ती कापायची नव्हती. एवढं साधं कारण होतं, पण गुत्त्यात बसून हे कुणाला सांगायचं? तिथे लोक म्हणत, "क्लॅरी, तुझ्या दारात सोफा चरतोय का रे?" आणि तो म्हणे, "ऐकत नाही हो ती."

त्या दिवशी उत्तरेकडच्या वाळवंटावरून गरम वारा सुटला होता. संध्याकाळी हवा पालटणार असं रेडिओ सांगत होता, पण दुपारी मात्र टेकड्या तापल्या होत्या आणि गवत करकरीत वाजत होतं. बस आली. स्पायरो खाली उतरला. हा ग्रीक ड्रायव्हर आठवड्यातून दोनदा क्लॅरीचे तेच विनोद ऐकून पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसायचा. एवढी मैत्री आजकाल कोण निभावतो?

"काय क्लॅरी, तयार?" त्याने विचारलं आणि कुंपणातले मेंढे बघून आवाज खाली आणला. "अरे देवा. हे काय?"

"गप बस. आज कुत्र्याचा खेळ दाखवतो."

"लोक लोकर बघायला आलेत रे. वाटेत मी तासभर तुझीच जाहिरात केली आहे."

बसमधून फुटस्क्रे या मेलबर्नच्या उपनगरातल्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाची माणसं उतरली. सगळ्यांत पुढे होत्या मिसेस व्हेला, मूळच्या माल्टाच्या, काळा पोशाख, हातात भली मोठी पर्स. मंडळाच्या अध्यक्षा दुसऱ्याच कुणी होत्या, पण त्यांना कुणी विचारत नव्हतं.

क्लॅरीने शीळ घातली. पिकल्स कुत्र्याने पोट जमिनीला लावत धाव घेतली, वळसा घातला आणि बोडके मेंढे मोठ्या डौलात पाहुण्यांसमोर आणून उभे केले.

"अगंबाई! यांचे कपडे कुणी पळवले?" मिसेस व्हेला म्हणाल्या.

क्लॅरीला नवा विनोद करण्याची सवय उरली नव्हती. तो घाबरून म्हणाला, "ही... ही उन्हाळी जात आहे, बाई."

लोकांनी माना डोलावल्या. दोघांनी फोटो काढले. एका आजोबांनी विचारलं, "मग लोकर कुठून येते?"

"हिवाळी जातीतून," क्लॅरी म्हणाला. मागे नरेलने तोंडावर हात दाबला.

एवढ्यात माणसांचा गलबला ऐकून मेट्रन आली. माणसं म्हणजे पाव, एवढं गणित तिला येत होतं. ती घराच्या कोपऱ्यावरून निघाली तेव्हा पाय दिसतच नव्हते. एक मोठी मळकी गादी आपणहून चालत यावी तशी ती आली. डोळ्यांवर झुलपं, तोंडाने धापा. गर्दीने आनंदाने आरोळी ठोकली. मेट्रनने सगळ्यांना उकडलेल्या बटाट्यांकडे बघायच्या नजरेने पाहिलं, नळाजवळच्या ओल्या खळग्यात गारव्याला आडवी झाली, अंग घासायला वळली आणि उताणी पडली. चार पाय आभाळाकडे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"शिकवलंय हं छान!" कुणीतरी म्हणालं. "परत करायला सांगा!"

क्लॅरी तिच्याकडे धावला. पाठ दुखते म्हणून नळापर्यंत काठी घेऊन जाणारा माणूस कुंपणावरून उडी टाकून पळाला. भरल्या लोकरीची मेंढी उताणी पडली की आपली आपण उठू शकत नाही. पोट फुगतं, श्वास कोंडतो, आणि कुणी पाहिलं नाही तर तिथेच संपते. आणि मेट्रन कुणी न बघता किती दुपारी एकटीच हिंडत असे! तरुणपणी असल्या मेलेल्या मेंढ्या दिसल्या की क्लॅरी त्यांच्या मालकांच्या तोंडावर सांगायचा, वेळेवर कातरता येत नाही त्याने मेंढी पाळू नये.

त्याने आणि स्पायरोने मिळून तिला उठवलं. तिचे पाय थरथरत होते. क्लॅरीने तिला दोन गुडघ्यांत धरून ठेवलं आणि लोकरीत हात घातला, पार मनगटाच्या वर. आत भट्टीसारखी धग होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"नरेल," तो म्हणाला, "यंत्र लाव."

"बाबा, नको. मी सांगते त्यांना, आज नाही होणार म्हणून."

"लाव म्हटलं ना."

खेळासाठी मांडलेल्या लाकडी फळ्यांवर त्याने मेट्रनला बसवलं, पाठ आपल्या पोटाशी. हा त्याचा पहिल्या विनोदाचा क्षण. 'घाबरू नका, माझ्या बायकोचे केसही मीच कापतो' असा तो विनोद होता, आणि आयरिस गेल्यावरही तो त्याने चालू ठेवला होता. आज स्पायरो हसायच्या तयारीत उभा राहिला. क्लॅरीने विनोद गाळला आणि पोटाकडून कातरायला घेतलं. नुसतं यंत्र घरघरत राहिलं.

दोन वर्षांची लोकर यंत्राला जुमानत नव्हती. एरवी तीन मिनिटांत होणारं काम चाललं तर चाललंच. शांतता लांबली तशी मिसेस व्हेला अगदी पुढे आल्या.

"हिला इतके दिवस का नाही कातरलं?"

"बायको कातरायची."

"कुठे आहेत त्या?"

"गेली."

मिसेस व्हेलांनी पर्स खांद्यावर सरकवली. "आमच्याकडे लोकरीच्या गाद्या. दर उन्हाळ्यात उसवायच्या, लोकर धुवायची, पिंजायची, परत भरायची. नवरा गेला तेव्हापासून मी माझी बाजू उसवायची, त्याची नाही. पाच वर्षं! माझी बाजू ही एवढी उंच आणि त्याच्या बाजूला खड्डा. रोज रात्री घरंगळून खड्ड्यात."

क्लॅरीचे हात थांबले नाहीत. "मग?"

"मग काय! कंबर धरली. मुलीने गादी फेकून दिली आणि फोमची आणली." त्यांनी वाकून खाली पडणाऱ्या लोकरीला बोट लावलं. "फोमला काही लक्षात राहत नाही."

शेवटचा हात फिरवून त्याने यंत्र बंद केलं. सगळी लोकर एकसंध उतरली होती, वरून राखाडी, आतून लोण्यासारखी पांढरी. मधून निघालेली मेट्रन एवढीशी होती. ती उठली, अंग झाडलं, आणि कुणीतरी अचानक वय कमी केल्यासारखी चारी पायांवर उडाली. या वेळी टाळ्या खऱ्या होत्या.

आणि मग क्लॅरीच्या लक्षात आलं. खेळ संपला की लोकर सगळ्यांना वाटायची, ही त्याचीच पद्धत. 'घ्या, घ्या, फुकट आहे' हे त्याचंच वाक्य. स्पायरोने बसमध्ये ते सांगूनही ठेवलं होतं. लोकांनी हात पुढे केले. म्हातारे, सुरकुतलेले, उत्सुक हात.

नरेल पुढे व्हायला लागली. क्लॅरीने तिला मान हलवून थांबवलं. पाहुण्यांनी पुढे केलेला हात रिकामा परत पाठवणं त्याला जमण्यातलं नव्हतं.

"घ्या," तो म्हणाला. "वरची जरा मळकी आहे. पण उबदार आहे."

लोकांनी मूठमूठ लोकर खिशांत, रुमालांत, जेवणाच्या रिकाम्या डब्यांत भरली. कातड्याजवळची पांढरी बहुतेकांनी निवडली. मिसेस व्हेलांनी तेवढी राखाडी टोकं उचलली, नीट गुंडाळली आणि पर्समध्ये आतल्या कप्प्यात ठेवली. बस गेली. फळ्यांवर झाडण्याजोगंही फारसं उरलं नाही.

"सगळी देऊन टाकलीस," नरेल म्हणाली.

"हात पुढे केल्यावर काय म्हणणार?"

संध्याकाळी वारा फिरला. दक्षिणेच्या समुद्रावरून गार झोत आला, टेकड्या धुक्यात गेल्या आणि पावसाचे तिरपे थेंब पत्र्यावर वाजायला लागले. रेडिओने हवामान खात्याचा इशारा दिला: मेंढ्या पाळणाऱ्यांनी ताज्या कातरलेल्या जनावरांना आडोसा द्यावा. नरेल आणि पिकल्सने माळावरचा कळप आणि उन्हाळी जातीचे मेंढे छपराखाली घातले. मेट्रन मात्र कळपाबरोबर जायला तयार नव्हती. ती मागच्या दाराशी उभी राहून कुडकुडत होती.

नरेल चिखलाचे बूट काढत आत आली तेव्हा कपडे धुवायच्या खोलीत दिवा होता. क्लॅरी जमिनीवर गुडघे टेकून बसला होता. त्याने मेट्रनला आयरिसचा हिरवा स्वेटर घातला होता. पुढचे पाय बाह्यांत गेले होते आणि आता तो पोटाखाली वाकून बटणं लावत होता. बायकांची बटणं उलट्या बाजूला असतात. त्याची जाड बोटं सारखी चुकत होती. मेट्रन पावाचा तुकडा चघळत त्याच्याकडे अत्यंत नाराजीने बघत होती.

नरेल दारातच थांबली. क्लॅरीने मान वर केली नाही.

"काय आहे?" तो म्हणाला.

"काही नाही," नरेल म्हणाली. "गळ्याजवळचं एक राहिलंय."