मोकळ्या चौकोनाला राखाडी रंग

"साहेब, तुम्ही एका मेलेल्या माणसाचं नाव पुसलंत आणि वर फायलीत 'काम समाधानकारक' असा शेरा मारलात."

वॉर्ड ऑफिसातल्या तक्रारीच्या फॉर्मवर थोरलीने एवढंच लिहिलं. अडीच ओळींच्या जागेत याहून जास्त मावत नव्हतं. शिवाय लिहिणं हा तिचा प्रांतच नाही. तिची उमर गेली गॅरेजात, गाड्यांच्या दरवाजांवर रंगाचा फवारा मारण्यात. लिहायचा तो धाकटा, तिचा भाऊ. तोही कागदावर कधी नाही, भिंतीवर.

वीस वर्षांपूर्वी पंपघराच्या मागच्या भिंतीवर त्याने बहिणीच्या गॅरेजातून ढापलेल्या रंगाने आपलं भिंतीवरचं नाव लिहिलं. ठिणगी. दोन पुरुष उंच, अक्षरं एकमेकांच्या अंगात घुसलेली. आई म्हणाली होती, "मेल्या, दुकानाची पाटी असती तर गिऱ्हाईक दारातूनच माघारी गेलं असतं." पण ती भिंत तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची. धाकटा अपघातात गेला तेव्हा आईने शेगडीच हलवून घेतली, खिडकीकडे तोंड करून उभं राहता यावं म्हणून.

त्या नावापायी याच ऑफिसाने धाकट्याला दोनदा चौकीत नेऊन बसवलं होतं. आणि यंदा त्याच ऑफिसाला उमाळा आला. हिप-हॉप आणि ग्राफिटी हा म्हणे वस्तीचा ठेवा! पत्रकं वाटली, सभा घेतली, पंपघराची भिंत देऊ केली. वस्तीने मिळून तिथे भलंमोठं चित्र रंगवायचं. थोरलीला खरं तर हसू आलं होतं. पण आई म्हणाली, "कर गं. त्याच्या नावाला जरा सोबत होईल."

थोरलीने कागदावर कच्चं चित्र काढलं. डोक्यावर गरगर फिरणारा नाचणारा, गाण्याच्या तबकड्या घासून ताल काढणारी मुलगी, माइक आवळलेली मूठ. मधोमध, भिंतीवर जिथे 'ठिणगी' होती, तिथे मात्र तिने चौकोन मोकळा सोडला. भिंतीवर लिहिणाऱ्यांत दोन गोष्टी कोणी शिकवत नाही, त्या असतातच. गेलेल्या माणसाच्या अक्षरांवर रंग चढवायचा नाही, आणि दुसऱ्याची अक्षरं कागदावरसुद्धा गिरवायची नाहीत. गिरवली की तुम्ही चोर. मोकळा चौकोन म्हणजे इथे हात लावू नका. हे आणखी कोणाला समजावून सांगावं लागेल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिथेच ती फसली.

ऑफिसाने त्या कागदावर शिक्का मारला. तीन आठवडे वस्ती भिंतीला चिकटलेली होती. धाकट्याचा जुना जोडीदार, ज्याला सगळे तबकडीवाला म्हणतात, तो तर नावाच्या कडेने चिकटपट्टी लावताना श्वाससुद्धा जपून घेत होता.

काम संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, गॅरेजात आईचा फोन आला. आवाज अगदी साधा. "अगं, भिंतीला भोक पडलंय."

थोरली हातातली रंगाच्या फवाऱ्याची बंदूक टाकून धावली. सगळं चित्र जागच्या जागी होतं. फक्त मधला चौकोन राखाडी, ओला, सपाट. सफाईचा मुकादम बादली आवरत होता आणि त्याच्या हातात तिचाच शिक्का मारलेला कागद होता. तो काही वाईट माणूस नव्हता. कागदावर इथे काही नाही आणि भिंतीवर आहे, म्हणजे कोणीतरी खरडून गेलंय, असं त्याला वरून सांगितलं होतं. ग्राफिटीच्या कौतुकाच्या भिंतीवर ग्राफिटी सापडली म्हणून पुसली! तबकडीवाल्याने कपाळावर हात मारला आणि खाली बसला.

मुकादम ओशाळला. हळू आवाजात म्हणाला, हा पाण्यातला रंग आहे, खाली तुमचा गाडीचा. ताजा असेतो साबणाच्या गरम पाण्याने सुटेल. पण शुक्रवारी सकाळी आठला सगळ्या भिंतीवर पारदर्शक लेप बसणार. एकदा तो बसला की राखाडी कायमची. आणि साहेबांच्या हुकमाशिवाय भिंतीला कोणी बोट लावलं, तर करारानुसार सगळं चित्रच पांढरं करणार.

बुधवारी तिने तो फॉर्म भरला. गुरुवारी सकाळपासून तिची टोलवाटोलवी चालली. या खिडकीतून त्या खिडकीत, तिथून जेवणाची सुट्टी, मग पुन्हा पहिली खिडकी. पायाचे तुकडे पडले. दुपारी तीनला साहेब भेटले. तबकडीवाला तिच्यामागे भिंतीला टेकून उभा.

साहेब गोड बोलले, हेच जास्त खुपलं. कागद तिनेच दिला, चौकोन तिनेच मोकळा सोडला, मग ऑफिसाचं काय चुकलं? लेपवाले ठरलेत, उद्घाटनाचे पाहुणे ठरलेत. दुरुस्त चित्र समितीपुढे ठेवता येईल, समिती पुढच्या महिन्यात बसते. मग त्यांना दया आली.

"जुना फोटो असेल ना? त्यावरून परत काढून घ्या की. यावेळी जरा सुवाच्य."

तबकडीवाल्याच्या घशातून चमत्कारिक आवाज आला. थोरलीने त्याला डोळ्यांनीच दाबलं. मग तिने साहेबांना समजावलं, तिच्या जिवाला जमेल तितक्या शांतपणे. ती काढेल ती तिची अक्षरं असतील. त्याची ती खाली आहेत, अजून आहेत, एका नखाच्या जाडीइतकाही रंग नाही वर. साहेब ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुढची फाईल ओढली.

तिने त्या फाईलवर हात ठेवला. नखांत अजून कालच्या गाडीचा निळा रंग होता.

"साहेब, समिती राहू द्या. माझी आई मंगळवारपासून खिडकी लावून अंधारात चूल सांभाळतेय. रंग काढायला मला दोन तास लागतात, तुमचा लेप उद्या आठला. आज संध्याकाळी मी पाणी घेऊन भिंतीशी जाऊ की नको, एका शब्दात सांगा. आणि नको म्हणणार असाल तर का नको, ते इथेच, माझ्या तोंडावर सांगा."

साहेबांनी फाईल ओढून पाहिली. ती हलली नाही.

"बोला," थोरली म्हणाली.